पैठणची विणकरीण आणि पोपट झालेला राजपुत्र : आठ मिनिटांची अ‍ॅनिमेशन परीकथा, मधला भाग रिकामा पडतोय

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. छत्रपती संभाजीनगरातला चौघांचा गट आठ मिनिटांची अ‍ॅनिमेशन परीकथा करतोय. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एका सतरंजीवर बसून बघावी अशी प्रेमकथा.

कथा अशी : गोदावरीच्या काठी आटपाट नगर. देवगिरीचा राजपुत्र शापाने पोपट झालाय. उःशाप असा की जी विणकरीण त्याला पदरावर दोन्ही बाजूंनी सारखा विणेल, तिच्या हातून तो माणूस होईल. मुदत मागावरचा ताणा (उभे धागे) संपेपर्यंत. तिला यातलं काहीच ठाऊक नाही आणि ते सांगायची त्याला मनाई.

स्टोरीबोर्डची चित्रं आवाजासकट ओळीने लावून पाहिली. पहिली दोन मिनिटं छान. शेवटचं दीड मिनिट छान. मधली साडेचार मिनिटं ती विणते, तो बघतो, गाणं वाजतं. प्रेम जुळलं हे गाण्याचे शब्द सांगतात, चित्र सांगत नाही.

प्रश्न तीन. मधला भाग कसा भरायचा? तंत्र कुठलं घ्यावं : कागदी सावल्या, संगणकावर हाताने काढलेली चित्रं, की ब्लेंडरमध्ये थ्रीडी? आणि खलनायक लागतो का? साधनं : एक डीएसएलआर, दोन साधे लॅपटॉप, एक रिकामी खोली.

चौकट_२४
आधी आकडे बघा, तंत्राचा निम्मा निर्णय तिथेच होतो.

आठ मिनिटं म्हणजे ४८० सेकंद. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) धरल्या तर ११,५२० चौकटी. एक चित्र दोन चौकटी टिकवलं तर ५,७६० चित्रं. हाताने काढायची तर एका वेळी दोन पात्रं पडद्यावर असणार, म्हणजे अकरा हजारांच्या घरात रेखाटनं, शिवाय त्यांची साफसफाई आणि रंग. चौघांकडून हे रेटणार नाही.

थ्रीडीत साध्या लॅपटॉपवर एका चौकटीला दोन मिनिटं धरा. ११,५२० चौकटींना ३८४ तास, म्हणजे अखंड १६ दिवस, तेही एकही चूक न काढता. नऊवारी लुगड्याचं कापड संगणकाने हलवायचं म्हटलं की वेळ आणखी वाढतो आणि निऱ्या पायातून आरपार जातात.

कागदी सावल्यांना ५,७६० फोटो. दिवसाला दहा सेकंदांचं काम धरलं तर ४८ दिवस. हे जमण्यासारखं आहे. जर्मनीत लोटे रायनिगर यांनी १९२६ साली अख्खी लांबलचक परीकथा काळ्या कागदाच्या कापलेल्या बाहुल्यांवर उभी केली. मोजक्या माणसांनी, तीनेक वर्षांत.

माझं मत : सावल्या.

रेघोटी
चौकट_२४ यांचं गणित बरोबर आहे, पण सावलीला डोळे नसतात. प्रेमकथेत नजर गेली तर उरलं काय? हाताने काढलेल्या चित्रात डोळे मानेच्या आधी तीन-चार चौकटी वळतात, मान वळताना पापणी मिटते (मिटायला दोन, मिटलेली दोन, उघडायला तीन चौकटी), आणि तेवढ्यात बघणाऱ्याला कळतं की हिच्या मनात काही आलं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघा, अर्धमिटल्या पापण्यांवर सगळा भाव उभा आहे.

सगळा लघुपट रेखाटू नका, पण डोळ्यांचे दहा-बारा शॉट तरी क्रिटा किंवा ओपनटूंझमध्ये काढा. दोन्ही फुकट मिळतात.

सावलीघर
@रेघोटी, दोन पद्धती मिसळल्या तर शिवण दिसते. काळ्या सावल्यांमध्ये अचानक रंगीत डोळे आले की मूल विचारतं ही कोण. सावलीतही नजर असते, ती मानेत आणि पापणीच्या केसांत असते. बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याला पापणीचा वेगळा तुकडा ठेवा, दोन मिलिमीटर खाली आला तरी लाजणं दिसतं. अजिंठ्याचंच घ्यायचं तर हात घ्या. तिथल्या बोटांच्या मुद्रा काळ्या आकारातही वाचता येतात.

आता बाहुल्यांचं सविस्तर सांगते, कारण इथे चूक झाली तर महिनाभराने कळते. बाहुल्या खालून उजेड दिलेल्या काचेवर आडव्या मांडायच्या आणि वरून फोटो काढायचे.

कागद २५० ते ३०० जीएसएमचा काळा कार्ड. याहून पातळ असला की कडा वळतात, जाड असला की सांध्याला दोन थर आल्यावर बाहुली काचेवरून उचलली जाते. पूर्ण उभी बाहुली २० ते २५ सेंटिमीटर. जवळच्या शॉटसाठी कंबरेपर्यंतची ४० सेंटिमीटरची वेगळी, आणि विणणाऱ्या हातांची जोडी त्याहून मोठी. छोटी बाहुली कॅमेऱ्याने मोठी करून दाखवाल तर कात्रीचे दाते दिसतात.

प्रत्येक सांध्याला दोन्ही तुकड्यांवर किमान एक सेंटिमीटरचा गोल ठेवा आणि ते एकमेकांवर पूर्ण चढवा. नाहीतर हात वर केला की खांद्यात प्रकाशाची भेग पडते. जोडायला २६ किंवा २८ गेजची तार, मागे दुमडून वर काळी टेप. तार घट्ट बसली तर पंजा हलवताना दंडही सरकतो, सैल बसली तर बाहुली जागा सोडते. अंगठ्याने ढकलल्यावर तुकडा फिरावा आणि शेजारचा जागेवर राहावा, इतकी ओढ हवी. ज्या भागाला हलू द्यायचं नाही त्यावर शिशाचा पातळ तुकडा मागून चिकटवा.

लुगड्याला एकच तुकडा चालत नाही. कंबरेखाली चार-पाच पट्ट्या एकावर एक ठेवा, चालताना त्या एकामागून एक हलतात आणि कापड वाटतं.

पोपटाची खालची चोच वेगळी कापा. बाजूने दिसणाऱ्या माणसाचे ओठ सावलीत नीट दिसत नाहीत, चोच मात्र लखलखीत दिसते. म्हणून जास्तीत जास्त संवाद पोपटाला द्या. ओठ जुळवायचं अर्धं काम वाचेल.

बालाघाटी
पोपटाला मध्येच एकदा 'विठ्ठल विठ्ठल' म्हणू द्या. पुढच्या रांगेतल्या सगळ्या आज्या तिथल्या तिथे त्याच्या बाजूने होतील.

चौकट_२४
@बालाघाटी, हे कामाचंही आहे. 'विठ्ठल'मध्ये ओठ पूर्ण मिटत नाहीत, चोचीला दोनच आकार पुरतात. प, फ, ब, भ, म आले की मात्र चोच किमान दोन चौकटी पूर्ण मिटलेली दिसली पाहिजे, नाहीतर आवाज दुसरीकडून आल्यासारखा वाटतो. 'अंबा', 'कुटुंब' यांत अनुस्वारापासूनच मिटवा. आणि चोच आवाजाच्या आधी एखादी चौकट उघडा, नंतर कधीच नको.

संवाद आधी ध्वनिमुद्रित करा, मग फोटो काढा. उलट केलंत तर प्रत्येक वाक्य चित्रात कोंबावं लागतं.

फणी_धोटा
तंत्र ठरेल, पण गोदाकाठ यांचा मूळ प्रश्न मधल्या साडेचार मिनिटांचा आहे. तिकडे कोणी वळलंच नाही. माग नुसता मागे उभा करून ठेवला म्हणून तुमचा मधला भाग रिकामा आहे. मागावर घडण्यासारखं भरपूर आहे.

विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात पायपट्ट्यांवर. ताणा समोर ताणलेला. पैठणीच्या पदरावर नक्षी भरताना आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाच्या तुकड्याला स्वतःची छोटी कांडी (धागा गुंडाळलेली काडी). पोपटाचं अंग हिरवं, चोच लाल, भोवतीची जमीन वेगळी. जिथे दोन रंग भेटतात तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवून परत फिरवतात. म्हणूनच पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, मागे लोंबते धागे राहत नाहीत. भरगच्च नक्षी दिवसभरात काही बोटंच पुढे सरकते.

आता यात पोपट काय करेल ते बघा.

पोपट चावतो, हा त्याचा स्वभावच. पहिल्या भेटीत त्याने ताण्याचे धागे तोडले पाहिजेत. तुटलेला धागा जोडायचा म्हणजे त्याच रेशमाचा तुकडा गाठ मारून वहीतून (ताण्याचे धागे वरखाली करणाऱ्या दोऱ्यांतून) आणि फणीच्या (आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या कंगव्याच्या) नेमक्या त्याच घरातून ओढून घ्यायचा. घर चुकलं तर कापडात खालपर्यंत एक उभी रेघ पडत जाते. तिचा दिवस वाया जातो, ती त्याला हाकलते. पाहताक्षणी प्रेम बसलं असं न होता पहिली भेट भांडणाची होते.

दुसऱ्या भेटीत तेच चावणं उपयोगी पडतं. नक्षी बदलताना कांडीचा धागा तोडायचा असतो, दोन्ही हात गुंतलेले, आणि पोपट नेमका तिथे तोडतो जिथे हवा.

तिसरी भेट सगळ्यात महत्त्वाची. विणताना कापडाची खालची बाजू विणकराला दिसत नाही. पोपट खड्ड्यात उतरून खालून बघू शकतो आणि कुठे धागा लोंबतोय ते सांगू शकतो. ती वरून बघते, तो खालून. दोघांनी मिळूनच पदर दोन्ही बाजूंनी सारखा होतो. उःशापाची अट इथे दोघांची होते, त्याला नुसतं वाट बघत बसावं लागत नाही.

मुदत दाखवायला संवाद नको. मागची ताण्याची गुंडाळी बारीक होत जाते, पुढचा कापडाचा रूळ जाड होतो. मूलसुद्धा समजेल.

सावलीघर
@फणी_धोटा, तिसऱ्या भेटीचा शॉट सावलीसाठीच जन्मलाय. मागाचा छेद दाखवा : मधून ताण्याची आडवी रेघ, वर ती, खाली खड्ड्यात तो. एकाच चौकटीत दोघं, मध्ये कापड.

गोदाकाठ
@फणी_धोटा, हे वाचून चौघेही उठून बसलो. पोपटाला काम देण्याचं सुचलंच नव्हतं. एक विचारायचं होतं : विणलेला पोपट रुळावर गुंडाळला जाताना तिला परत दिसतो का?

फणी_धोटा
नाही. विणून पुढे सरकलं की कापड रुळावर जातं आणि पदर मागावरून उतरेपर्यंत पुरा दिसत नाही. तुमच्या कथेत हे फार मोलाचं आहे. ती ज्याला विणते तो आकार तिच्या डोळ्यांसमोरून जातो, खरा पोपट तेवढा समोर उरतो.

भूगोल_मास्तर
परिसर काढताना चार गोष्टी सांभाळा.

पैठण गोदावरीच्या उत्तर काठावर आहे. घाटावर उभं राहून नदीकडे तोंड केलं की आपण दक्षिणेला बघतो. सूर्य डाव्या हाताला उगवतो, उजव्या हाताला मावळतो. नदी पूर्वेकडे जाते, म्हणजे नाव प्रवाहाबरोबर उजवीकडून डावीकडे जाणार. हिवाळ्यात दुपारचा सूर्य समोर दक्षिणेला कलतो, तेव्हा घाटावरची माणसं मागून काळी दिसतात, तुमच्या सावल्यांना हे आयतं कारण मिळतं. देवगिरी वायव्येला आहे. पोपट नेहमी पडद्याच्या उजव्या बाजूने आत आणा आणि तिकडेच बाहेर काढा, दिशा बघणाऱ्याच्या डोक्यात पक्की बसते.

नाथसागराचं अथांग पाणी दाखवू नका. जायकवाडी धरण १९७६ सालचं. त्याआधी इथे वाळूचं रुंद पात्र होतं, उन्हाळ्यात मधोमध धार.

देवगिरी काढताना चाँद मिनार टाळा, तो पंधराव्या शतकातला, बहमनी काळातला. यादवांच्या राजपुत्रामागे तो दिसता कामा नये. शंकूसारखा डोंगर, खाली तासलेला उभा कडा आणि खंदक एवढं पुरे, ओळख पटते.

झाडं : कडुनिंब, बाभूळ, पळस, वड, बोर, काटेसावर. गुलमोहर नको, तो मादागास्करचा, फार उशिरा आला. सीताफळही नको.

बालाघाटी
सीताफळ नको म्हणजे काय मास्तर? बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ नाही तर काहून जायचं तिकडं?

भूगोल_मास्तर
@बालाघाटी, आज बालाघाट सीताफळाचाच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण ते झाड मूळ अमेरिकेतलं, पोर्तुगीजांच्या येण्यानंतर पसरलं. मिरची, मका, भुईमूग यांचंही तेच. यादवकाळाच्या चुलीपुढे लाल मिरच्यांची माळ टांगली की जाणकार तिथेच थांबतो.

आटपाट
मास्तरांशी मी असहमत आहे, आणि हा मुद्दा लघुपटाच्या मुळाशी जातो. गोदाकाठ यांनी कथेच्या पहिल्याच ओळीत 'आटपाट नगर' लिहिलंय. आटपाट नगराला शतक नसतं. आज आपण ओळखतो ती भरघोस मोरांची पैठणीसुद्धा यादवकाळाची नव्हे, नंतरच्या राजवटींत ती तशी घडली. मग शतक धरायचं तर पैठणीच जाईल आणि कथा उरणारच नाही.

परीकथेचा पत्ता प्रतिष्ठानचाच, म्हणजे जुन्या पैठणचाच आहे हेही विसरू नका. गुणाढ्याची बृहत्कथा परंपरेने सातवाहनांच्या दरबाराशी जोडली जाते. मूळ ग्रंथ हरवला, पण त्यातल्या कथा अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागरात सांगितल्या. पोपट झालेली माणसं, शाप, उःशाप हे सगळं या काठाला परकं नाही. हाल सातवाहनाच्या गाथासप्तशतीतल्या सातशे गाथांमध्ये प्रेम बहुतेक वेळा एखाद्या साध्या कृतीतून दिसतं. कोणी पाणी पाजतं, कोणी वाटेवर थांबतं. तुमच्या मधल्या साडेचार मिनिटांना हाच धडा लागू आहे.

भूगोल_मास्तर
@आटपाट, पैठणीचं मान्य. मग नियम असा ठेवा : कथेला लागणारी गोष्ट कुठल्याही काळातली चालेल, सजावटीची मात्र चुकीच्या काळातली नको. पैठणी कथेला लागते. गुलमोहर लागत नाही.

दागिने आणि केशरचना हवी असेल तर अन्वा (भोकरदन तालुका) आणि धारासूर (गंगाखेड तालुका) इथल्या मंदिरांच्या मूर्ती बघा. अंबाडे, कर्णफुलं, बाजूबंद बाजूने बघितले की काळ्या आकारात नेमके उतरवता येतात.

आटपाट
हा नियम पटला.

बालवाडी_ताई
चार-पाच वर्षांची मुलं बसणार असतील तर अट पहिल्या मिनिटात एका वाक्यात सांगा आणि पुढे दोनदा तशीच्या तशी परत येऊ द्या, शब्द न बदलता. शब्द बदलले तर लहान मुलांना ती दुसरी अट वाटते.

भीतीचा प्रसंग वीस सेकंदांपेक्षा लांबवू नका आणि त्याच्या शेवटी ओळखीचा आवाज येऊ द्या, आजीचा किंवा पोपटाचा. पूर्ण अंधारी चौकट टाळा. सावलीपटात मुलं काळ्या रंगाला घाबरत नाहीत, पण काहीच दिसलं नाही की रडतात.

प्रेम दाखवायला स्पर्शाची गरज नाही. पहिल्या भेटीत दोघांत दीड हात अंतर, दुसरीत एक, तिसरीत मध्ये फक्त कापड. मुलं अंतर बरोबर मोजतात.

चौकट_२४
ताईंच्या अंतराला वेळेची जोड द्या. एकाने बघितलं की दुसऱ्याने लगेच बघू नये. १२ चौकटी जाऊ द्या, मग मान वळवा, मग दोघं २० चौकटी तसेच. पण 'तसेच' म्हणजे गोठलेले नव्हे. छाती दर सहा चौकटींनी अर्धा-एक मिलिमीटर वरखाली करा. पूर्ण थांबलेली कागदी बाहुली दोन सेकंदांत कागदच दिसायला लागते.

संबळ
मंडळी, गाण्याचं कोणी बोललं नाही. गाणं काढून टाकू नका, त्याला मागावर बसवा.

चाल ठरवताना ठोक्यांचं गणित चौकटींशी जुळवा. मिनिटाला १२० ठोके म्हणजे ठोक्याला १२ चौकटी, ९० म्हणजे १६, ८० म्हणजे १८, ७२ म्हणजे २०. तुम्ही एक चित्र दोन चौकटी टिकवणार, म्हणून समसंख्याच घ्या. ९६ ठोके घेतले तर १५ चौकटी येतात आणि फणीचा दणका दर दुसऱ्या ठोक्याला निसटतो. १०० घेतले तर अपूर्णांक येतो, मग सगळंच घसरतं.

जात्यावरच्या ओवीची चाल ७२ ला सुंदर बसते. फणीचा ठोका हाच ताल, पायपट्टीचा आवाज त्याच्या उलट्या जागी. पहिल्या भेटीत पोपट ताल मोडतो, तिसऱ्या भेटीत त्याच्या चोचीची टकटक तालात येते. संबळ शेवटच्या मिनिटासाठी राखून ठेवा. तो आधी वाजवला तर शेवटाला चढायला जागा राहत नाही.

आवाज देणारी माणसं एकाच भागातली घ्या. विणकरीण 'काय करायलास' म्हणणार असेल तर तिच्या आजीनेही तसंच बोलायला हवं. लातूर, जालना आणि नांदेडची बोली एका घरात आली की मराठवाड्याचा प्रेक्षक लगेच ओळखतो.

वायरमन_दादा
खोलीतल्या दिव्यांवर दोन शब्द. सावलीपट बिघडतो तो लुकलुकण्याने.

काचेखाली एलईडी पट्ट्या लावा, पण १२ व्होल्टच्या बॅटरीवर. मेनवर चालणारे स्वस्त एलईडी ५० हर्ट्झच्या पुरवठ्यामुळे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि संध्याकाळी शेजारची मोटार सुरू झाली की व्होल्टेज पडून उजेड उतरतो. मेनवरच काम करायचं असेल तर शटर १/५० किंवा १/२५ ठेवा. बॅटरीवर असाल तर लोडशेडिंगमध्येही शॉट तुटत नाही. अर्धा शॉट आज आणि अर्धा उद्या घेतला की बाहुली आणि उजेड दोन्ही जरासे हललेले असतात, तो सांधा दिसतो.

एलईडी आणि काच यांत ४० सेंटिमीटर अंतर, मध्ये ३ मिलिमीटरचं दुधी अ‍ॅक्रिलिक. अंतर कमी केलं तर दिव्यांचे ठिपके उमटतात. काच ८ मिलिमीटरची टफन्ड, कारण त्यावर दिवसभर कोपर टेकणार. पंखा बंद. एप्रिल-मे मध्ये खोली सकाळी लवकर वापरा, घामाचा हात लागला की काळा कार्ड चमकायला लागतो.

कॅमेऱ्यात सगळं मॅन्युअल : शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स, फोकस. ऑटो लेन्सचं छिद्र प्रत्येक फोटोला किंचित वेगळं मिटतं आणि त्यानेही लुकलुक येते. जुनी हाताने फिरवायची लेन्स अडॅप्टरने लावली तर ही कटकट संपते.

रेघोटी
सावल्यांविरुद्धचा माझा हट्ट बराच सैल झालाय. पण पार्श्वभूमीला खोली हवी. देवगिरी सपाट काळा दिसला तर ढिगारा वाटेल.

सावलीघर
@रेघोटी, खोली बटर पेपरने येते. लांबचा डोंगर एका थराचा, जवळची झाडं तीन थरांची, बाहुल्या पूर्ण काळ्या. प्रत्येक थराने उजेड अडतो आणि धुकं आपोआप तयार होतं. मुख्य काचेच्या १५ सेंटिमीटर खाली दुसरी काच ठेवून डोंगर तिथे मांडला तर तो जरा अस्पष्टही होतो, आणि दोन्ही काचांवरची चित्रं वेगवेगळ्या वेगाने सरकवता येतात.

पडदेवाला
करड्या छटा तीनच ठेवा. शाळेच्या मैदानात किंवा गणपतीच्या मंडपात आठ फुटी पांढऱ्या कापडावर तीन हजार लुमेनच्या प्रोजेक्टरने दाखवणार असाल तर जवळजवळच्या छटा एकमेकांत मिसळतात. अंधार पूर्ण पडल्यावरच लावा. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर हवी, नाहीतर मागच्यांना पुढच्यांची डोकी दिसतात आणि सावलीपटात ती पात्रांसारखी वाटतात. स्पीकर पडद्यामागे नको, दोन्ही बाजूंना कानाच्या उंचीवर.

बालाघाटी
तिसरा प्रश्न राहिलाच की. खलनायक हवा का? राक्षस लागणार असेल तर राक्षसभुवन गोदाकाठीच आहे, बीड जिल्ह्यात, पैठणहून फार लांब नाही.

आटपाट
नाव छान आहे, पण राक्षस आणला तर एक मिनिट तरी त्याच्यावर जाईल आणि ते प्रेमातून कापावं लागेल. शाप देणारी चेटकीण सुरुवातीला दहा सेकंद पुरे. पुढे ताणा संपत जाणं हाच विरोध आहे.

बालवाडी_ताई
@आटपाट, मुलांना संकटाचा चेहरा लागतो. नुसती मुदत चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. चेटकिणीची सावली दर भेटीच्या शेवटी खिडकीतून एकदा जाऊ द्या, काही न करता. तेवढ्याने ती आहे हे लक्षात राहतं.

फणी_धोटा
आणि संकट मागावरच येऊ द्या. चेटकीण ताण्यावर हात फिरवते, दहा-बारा धागे एकदम तुटतात. आता ती एकटी सगळे जोडू शकत नाही, मुदत संपत आलीय. पोपट एकेक टोक चोचीत धरून फणीच्या घराशी आणून देतो. पहिल्या भेटीत ज्याने तोडले तोच जोडायला धावतो. चौथी भेट ही.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. नवी मांडणी अशी : शाप आणि अट ५० सेकंद. पहिली भेट, धागे तोडणं, ६० सेकंद. दुसरी, कांडीचा धागा, ६५. तिसरी, खड्ड्यातून बघणं आणि ओवी, १०० सेकंद, सगळ्यात मोठी. चेटकीण आणि चौथी भेट ९५. पदर उतरवणं आणि रूपांतर ८०. शेवट ३०. बरोबर ४८० भरतात. तंत्र सावल्यांचं, बॅटरीवर.

आता अडलंय रूपांतरावर. पोपटाचा माणूस कसा करायचा? आठ मधले आकार कापून प्रत्येक दोन चौकटी दाखवून पाहिला. पंख आणि हात यांच्या मधला आकार कुरूप दिसतो, मुलं हसतात.

सावलीघर
तो आकार दाखवूच नका. पदर वापरा. सगळा लघुपट काळा-पांढरा ठेवून फक्त पदर रंगीत पतंगाच्या कागदाचा करा, हिरवा पोपट, लाल चोच. ती पदर मागावरून उतरवून दोन्ही हातांनी उभा धरते, पोपट मागे जातो. पतंगाच्या कागदातून मागची सावली अस्पष्ट दिसते. पदर सहा चौकटींत एक हेलकावा घेतो, त्या हेलकाव्यात मागचा पोपट उचलून माणसाची बाहुली ठेवा. पदर खाली येतो तेव्हा आधी फक्त कपाळ दिसू द्या.

फणी_धोटा
आणि पदर उतरवताना ताणा कात्रीने कापावा लागतो. मुदत संपायच्या आत ती तो स्वतः कापते, पुढच्या लुगड्याचा उरलेला ताणा सोडून देते. तिच्या बाजूची किंमत इथे दिसेल. आत्तापर्यंत सगळं त्यालाच सोसावं लागत होतं.

चौकट_२४
कात्रीच्या आवाजानंतर १६ चौकटी पूर्ण शांतता ठेवा, ओवीसुद्धा बंद. मग हेलकावा.

गोदाकाठ
पतंगाचा कागद की जिलेटिन? जिलेटिनचा रंग जास्त खुलतोय.

सावलीघर
पतंगाचाच. जिलेटिन स्वच्छ पारदर्शक असतं, मागे बाहुली बदलणारा हात दिसेल. शिवाय ते काचेवर चमकतं आणि वळतं. पतंगाचा कागद दोन थर घ्या, एक थर फाटला तर शॉट वाचतो. रंगाची जोड जिथे येते तिथे तुकडे दोन मिलिमीटर एकमेकांवर चढवा, खळ पातळ लावा आणि वाळताना वर काच ठेवा. एकाच गठ्ठ्यातला कागद सगळ्या शॉटसाठी आत्ताच आणून ठेवा, दुसऱ्या गठ्ठ्याचा हिरवा वेगळा निघतो.